काळवी खाडीचा गाळ

१

मांडवगण फराट्याच्या दूध शीतकरण केंद्रातून दूध चोरीला गेलं असतं, तर त्याची बोंब दुपारपर्यंत विझली असती. पण दोन हजार दोन सालच्या चैत्रात तिथून चिखल चोरीला गेला. समुद्राचा चिखल. आणि त्या चिखलापायी खुटबावच्या साहेबराव खळदकरांना भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात यावं लागलं.

साहेबराव रेल्वे पोलिसातले निवृत्त फौजदार. सगळी नोकरी दौंड जंक्शनवर गेली. पार्सलच्या चोऱ्या उलगडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोकण किनारा सागरी संशोधन मंडळाची उपकरणांची एक पेटी त्यांनी पूर्वी दौंडच्या यार्डातून शोधून दिली होती. मंडळाच्या अध्यक्षांना ते आठवलं.

"पोलिसात गेलो तर वर्तमानपत्रात येईल," अध्यक्ष फोनवर म्हणाले, "आणि वर्तमानपत्रात आलं की मंजुरी लांबली. दिल्लीची छाननी समिती पुढच्या आठवड्यात पुण्यात बसतेय. तुम्ही तेवढं बघाच."

केंद्राच्या दारात साधना कोळपे उभी होती. मांडवगणचीच पोरगी. मेंढपाळाच्या घरातली, पण समुद्राचं शास्त्र शिकून मंडळात शास्त्रज्ञ झालेली. डोळे रडून सुजलेले, तरी आवाज घट्ट ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली.

"काका, सगळ्या कोकणपट्टीच्या संशोधनाचा आराखडा आमचं मंडळ करतं. कुठल्या खाडीत काय तपासायचं, कुणी तपासायचं, सगळं त्यात. दिल्लीनं मंजूर केला तरच काम सुरू होतं. माझी खाडी काळवीची. तिच्या तळाचा गाळ नळ्या खुपसून काढला. पुण्यात लाइट सारखी जाते आणि हा गाळ थंडच राहायला लागतो. इथं जनरेटर आहे, म्हणून बारा नळ्या इथं आणून ठेवल्या."

थंड खोलीत दुधाच्या कॅनशेजारी फळीवर नळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. हातभर लांबीच्या, उभ्या चिरलेल्या, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या. साधनानं एकीचा कागद सोडला. आत काळाभोर, गुळगुळीत गाळ होता; पण मधेच चार बोटांचा तुकडा गायब. जणू कोणी भाकरीचा घास मोडून घेतला होता.

"सगळ्या नळ्यांत असंच?"

"सगळ्यांत. गाळ वर्षावर वर्ष साचत जातो. वरचा आत्ताचा, खालचा जुना. आत्तापर्यंत वय मोजलंय ते या एकाच नळीचं, आणि तिच्यातला गेलेला तुकडा साधारण तीस वर्षांपूर्वीचा आहे. खाडीच्या वरच्या अंगाला एक रसायनाचा कारखाना तेव्हाच सुरू झाला. खाडी आधी कशी होती आणि मग काय झालं, ते नेमकं त्याच चार बोटांत होतं. तेच नसेल तर समितीला दाखवू काय?"

साहेबरावांनी तो सोडलेला कागद हातात घेतला. कडा आत दुमडून, नीट चापून गुंडाळलेला होता.

"हे असं परत बांधून कुणी ठेवलं? तुम्ही?"

"नाही. ज्यानं काढलं त्यानंच."

साहेबरावांनी ती घडी बोटानं चाचपली. चोर घाईत असतो. हा घाईत नव्हता.

२

केंद्र संपत जगताप सांभाळायचा. माणूस तोंडाळ, पण कामाचा. तो आधीच चिडलेला होता.

"किल्ली माज्याकडंच असती. म्हंजी फॅटच्या मशीनमागं खिळ्याला. त्या नळ्यांपायी माजे चार कॅन भाईर राहिले, दूध नासलं, ती बोलणी मी खाल्ली. आन् आता चोर बी मीच व्हय?"

"चोर कोण म्हणालं? मी इचारतोय, खोलीत गेलं कोण."

"परकं कुणी न्हाई."

"अजिबात कुणी नाही?"

संपत घुटमळला. मान खाजवत म्हणाला, "एक सायेब आलते. जीपमधनं. मंडळाचंच हाय म्हणले, नळ्या बघायच्यात. मी काय अडवतोय? दूध मापायचं व्हतं, मी भाईर आलो. सायेब आत एकलेच व्हते. बऱ्याच वेळानं निघाले. कुणाशी बोलले न्हाईत का च्या घेतला न्हाई."

"नाव?"

"शेवाळे."

हे नाव ऐकून साधना खाली बघू लागली. साहेबरावांनी तिला बाहेर लिंबाच्या सावलीत नेलं. डॉ. हनुमंत शेवाळे मंडळातले ज्येष्ठ. आराखड्यात काळवीऐवजी दुसरी खाडी यावी, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय त्या रसायनाच्या कारखान्याला ते सल्ला द्यायचे, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलायचं नाही.

"मला तेच वाटलं होतं," साधना म्हणाली. "पण त्यांनी मला शिकवलंय, काका. नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती."

उघड उघड गोष्ट होती. तीस वर्षांपूर्वीचा पुरावा नको असलेला माणूस, आणि खोलीत एकटा. साहेबरावांना तिथंच थांबता आलं असतं. परत निघताना त्यांनी केंद्राच्या मागची पायवाट धरली. केंद्राचं सांडपाणी कुठं जातं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

ती वाट नदीवर उतरत होती. भीमा उन्हाळ्यानं रोडावलेली, बंधाऱ्याच्या वर तेवढं पाणी. एका सपाट दगडाच्या सापटीत काळा गाळ चिकटून राहिला होता. साहेबरावांनी बोटावर घेऊन हुंगला. खारट, कुजका वास. आणि शेजारच्या दगडावर, उन्हात, कोणीतरी इवलाले शिंपले ओळीनं मांडून ठेवले होते. ज्वारीच्या दाण्याएवढे. एकेक धुऊन, निवडून.

भीमेत असे शिंपले नसतात.

३

पुण्यात मंडळाच्या कचेरीत शेवाळे खिडकीकडे तोंड करून बसले होते. उंच, हाडापेराचा माणूस. फौजदार आलाय म्हटल्यावर त्यांनी खुर्चीसुद्धा दिली नाही.

"मी गेलो होतो. नळ्या पाहिल्या. त्या दिवशी त्या पूर्ण होत्या. विश्वास ठेवायचा तर ठेवा."

"एवढ्या लांब कशाला गेलात?"

शेवाळ्यांनी मान वळवली. "कारण पोरीचं काम चांगलं आहे असं सगळे म्हणत होते. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं. चांगलंच आहे. माझ्यापेक्षा चांगलं. ते तिथं तिच्या गावच्या माणसासमोर कबूल करवलं नाही, म्हणून न बोलता परतलो."

"त्या कारखान्याला तुम्ही सल्ला देता."

"देतो. त्याची लाज मला तुमच्याआधी वाटते." मग अचानक त्यांनी विचारलं, "तुकडा कुठून काढलाय? वरून किती खाली?"

साहेबरावांनी हाताची वीत टेबलावर टेकवून दाखवली. वीत आणि वर थोडं.

"सगळ्या नळ्यांत तेवढ्यावरच?"

"सगळ्यांत. सारखंच."

शेवाळे हसले. त्या हसण्यात आनंद नव्हता. "मग मला सोडा, फौजदार. खाडीच्या तोंडाशी गाळ सावकाश बसतो, आत भराभर. एकाच वर्षाचा थर एका नळीत वितीवर असेल, तर दुसरीत पार तळाशी. मला ते वर्ष पुसायचं असतं, तर मी प्रत्येक नळीत वेगळ्या जागी हात घातला असता. ज्यानं हे केलं त्याला फक्त एकाच नळीतलं ते वर्ष माहीत होतं. बाकी अकरांत त्यानं भलतंच काढलंय."

दौंडच्या गाडीत साहेबराव तेच घोळवत बसले. एकाच नळीतलं वर्ष माहीत असणारा माणूस. म्हणजे ज्याला कोणीतरी एकच नळी समजावून सांगितली होती.

आणि ते शिंपले. जंक्शनवर त्यांनी दोन तऱ्हेचे हात पाहिले होते. एक चोराचे, ते बोचकं फाडतात, उलटंपालटं करतात, टाकून पळतात. दुसरे, अपघातात गेलेल्याचं सामान ओळखायला आलेल्या माणसांचे. ते हात गाठ हळूच सोडतात, एकेक वस्तू बाजूला काढून ठेवतात, आणि झाल्यावर बोचकं परत तसंच बांधतात.

नळ्यांवरचे हात दुसऱ्या तऱ्हेचे होते. कोणी पुरावा नष्ट करत नव्हतं. कोणी काहीतरी शोधत होतं.

४

कोळप्यांचं घर मळ्यात होतं. पूर्वी सहा महिने मेंढरांमागे फिरणारं हे कुटुंब आता बागायतीवर स्थिरावलं होतं. गोठ्यात दोन गाई, दारात कांदा साठवलेली आरण. साधनाचे वडील आबा बाजेवर बसले होते. आई म्हाळसाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या चुलीपाशी गेल्या. लहान चणीची, वाळकी बाई. नजर खाली.

"साधना," साहेबरावांनी विचारलं, "नळ्या आणल्या त्या दिवशी कुणाला काही समजावून सांगितलं होतंस?"

"सांगितलं की. केंद्रातच. संपतभाऊ होते, आबा, आई होती. एक नळी उघडून दाखवली." ती सांगता सांगता हरखली. "म्हटलं, हा वरचा गाळ आत्ताचा. इथं मी कॉलेजात गेले. इथं शाळेत घातलं मला. इथं माझा जन्म. सगळे हसत होते. मग म्हटलं, आणि हा बघा, हा बाहत्तरचा दुष्काळ."

"दुष्काळ तू आपणहून दाखवलास?"

साधना थांबली. "नाही. कुणीतरी विचारलं होतं."

"कुणी?"

"म्या इचारलं," आबा बाजेवरून उठत म्हणाले. "आन् त्यो गाळ बी म्याच काढला. लिवून घ्या."

साधना त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आबा!"

"पोरगी सारखी दर्यावर असती. नावंतनं जाती. मला न्हाई बगवत. म्हणलं तिचं काम मोडलं तर घरी तरी बसंल. मोडलं. काय शिक्षा असंल ती द्या."

आबांचा आवाज करडा होता. साहेबरावांनी त्यांना खाली बसवलं.

"काढलेला गाळ कुठं टाकला, आबा?"

"गटारात. केंद्राच्या."

"आणि नळ्यांचे कागद?"

"कसले कागद? फाडून टाकले."

कागद तर शाबूत होते. गाळ नदीवर धुतला गेला होता. साहेबराव आबांच्या हातांकडे बघत होते. काठी धरून धरून राकट झालेले पंजे, बोटं सांध्यात आखडलेली. ते हात ज्वारीच्या दाण्याएवढा शिंपला उचलू शकले नसते.

संपत म्हणाला होता, परकं कुणी आलं नाही. खरंच बोलला होता तो. रोज सकाळी दूध घालायला येणारी, फळीवरच्या नळ्यांकडे माया करून बघणारी शास्त्रज्ञबाईची आई, तिला कोण परकी म्हणणार? ती आत गेली काय आणि बाहेर आली काय, संपतच्या लेखी ते मोजण्यातच नव्हतं.

साहेबराव आबांच्या कानाशी वाकले.

"आबा, बाहत्तर साली काळवीवर काय झालं?"

आबांनी तोंडावर उपरणं घेतलं. चुलीपाशी आता कोणीच नव्हतं.

५

म्हाळसाबाई नदीवर त्याच सपाट दगडावर बसल्या होत्या. साहेबराव येताना दिसले तरी त्या उठल्या नाहीत. साधना त्यांच्या मागोमाग आली होती. साहेबरावांनी हातानं खूण करून तिला चार पावलं मागेच थांबवलं.

"बाई, मी कुणाला न्यायला आलो नाही."

"न्या की. मी काय न्हाई म्हणती?"

"काय शोधत होता?"

पलीकडच्या काठावर दौंड तालुक्यातली कुणाची तरी मोटर सुरू झाली, तिचा आवाज पाण्यावरून येत राहिला.

"बाहत्तरला इकडं पाणी न्हाई, चारा न्हाई. मेंढरं घिऊन घाट उतरलो. काळवीच्या काठाला मेंढरांचा वाडा टाकलावता. बिरू माजा पाच वर्साचा. ओहोटी व्हती. चिखलात खेकडं धरत व्हता, मोप हसत व्हता. मी दगडं मांडून भाकरी करत व्हते. तव्यातली भाकर उलटली आन् वर बगितलं." त्या थांबल्या. "नुस्तं पाणी. चिखल बी न्हाई आन् पोरगं बी न्हाई."

म्हाळसाबाईंनी मागं उभ्या साधनाकडे वळून बघितलं नाही.

"लई हुडकलं. कोळी लोकांनी होड्या घातल्या. काय न्हाई घावलं. मेंढरं उपाशी, वाडा हालला, मला बी चालावं लागलं. मागं वळून बगत बगत घाट चढले. मग दोन वर्सांनी ही झाली."

"हिला सांगितलं नाही?"

"ही दर्याचं शिकायला निघाली तवा सांगणार व्हते. हिच्या आबांनी माज्या तोंडावर हात ठिवला. म्हणले, सांगितलंस तर पोरगी माघारी फिरंल. तिची वाट अडवू नगंस. मग न्हाई सांगितलं. ही नावंत बसली की मी हिकडं उपास धरायची."

त्यांनी पदरानं दगड पुसला, उगाचच.

"परवा ही म्हणाली, आई, ह्या चिखलात जे पडलं ते हालत न्हाई. वर्सावर वरीस साचतंय, आन् खालचं हाय तसं ऱ्हातंय. म्या इचारलं, बाहत्तर कुठं हाय? हिनं बोट ठिवलं. आपली येक वीत आन् चार बोटं खाली. मग मला झोप न्हाई आली, सायेब. म्हणलं, हिनं माजं पोरगंच घरी आणलंय आन् हिला ठावंच न्हाई. रोज दूध घालायला गेले की थोडं थोडं काढलं, पदराच्या वट्यात घालून हितं आणलं, फडक्यातनं धुतलं. बिरूच्या करदोट्याला चांदीचं घुंगरू व्हतं. तेवढं जरी घावलं असतं..."

"घावलं?"

"शंखलं घावली."

साधना पुढे आली. नळीचा घेर मनगटाएवढा, आणि खाडी मैलोगणती पसरलेली. हे तिला आईला सांगायचं असावं. पण ती आईशेजारी दगडावर बसली. म्हाळसाबाईंचे हात त्या खाऱ्या गाळानं अजून भेगाळलेले होते. साधनानं ते आपल्या मांडीवर ओढून घेतले.

"पोरी," म्हाळसाबाई पहिल्यांदाच रडवेल्या झाल्या, "तुजं काम मोडलं गं मी. मला वाटलं, येवढ्याशानं काय व्हतंय. चिखलच तर हाय."

६

समिती बसली त्या दिवशी सकाळी साहेबराव साधनाला पुणे स्टेशनवर भेटले.

"मी अध्यक्षांना एवढंच कळवतो की चोर सापडला नाही," ते म्हणाले. "समितीला वाटेल, कुणीतरी मुद्दाम पुरावा पळवला. उलट तुझ्या खाडीवर त्यांचं जास्त लक्ष जाईल. यात तुझं भलंच आहे."

"आणि शेवाळे सर?"

साहेबराव फलाटावरच्या गर्दीकडे बघू लागले.

"सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवतील, काका. जन्मभर. माझ्या आईनं केलेलं त्यांच्या माथी कसं मारू?"

आत काय झालं ते साहेबरावांना नंतर अध्यक्षांनीच सांगितलं. साधना उभी राहिली आणि तिनं सरळ सांगितलं: नळ्यांमधला गाळ माझ्या घरच्या माणसानं काढला. कारखान्याचा किंवा मंडळातल्या कोणाचा त्याच्याशी संबंध नाही. कारण खाजगी आहे, ते विचारू नये. चूक माझी, नमुने मी घरच्यांच्या हाताशी ठेवायला नको होते.

समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. वाईट कोणीच नव्हतं. पण कागदावर नियम साफ होते: ज्या जागेचे नमुने समितीला समक्ष आणि अखंड तपासता येत नाहीत, ती जागा आराखड्यात धरता येत नाही. शेवाळे उठून म्हणाले की काळवीला वगळू नये, पुन्हा नमुने काढायला मुदत द्यावी. त्यांनी असं म्हणावं याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. समितीच्या प्रमुखांनी त्यांचं बोलणं नोंदवून घेतलं, पण मुदत दिली नाही. आराखडा त्याच महिन्यात दिल्लीला जायचा होता.

कोकण किनाऱ्याचा आराखडा मंजूर झाला. शेवाळ्यांची खाडी त्यात आली. काळवी गळली. कारखान्याचं पाणी पुढेही त्या खाडीत जात राहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर साधना खुटबावला आली. साहेबरावांसाठी आबांनी मळ्यातल्या वांग्यांची पिशवी दिली होती. ती ओसरीवर टेकली. वाळली होती. मंडळात तिला आता कचेरीतलं काम दिलं होतं. दुसऱ्यांच्या खाड्यांचे अहवाल तपासायचं.

"आई कशी आहे?" साहेबरावांनी विचारलं.

"बोलते आता. बिरूबद्दल. त्याला शिकरण आवडायची, तो मेंढरांना नावं द्यायचा, कुत्र्याच्या पाठीवर बसायचा... मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, काका, आणि मला भाऊ होता हे आता कळतंय. आबा ऐकत बसतात. मधेच उठून गोठ्यात जातात."

"आणि काळवीचं?"

"मंडळ नवा आराखडा करेल तेव्हा परत मागता येईल. तोवर त्या खाडीत नळी खुपसायची परवानगी नाही." ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "आई रोज विचारते, तो चिखल परत कवा आणणार. मी तिला समजावलं, की नळ्या बारीक असतात, खाडी मोठी असते, त्यात काही सापडायचं नाही. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत विचारते. शेवटी काल मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, सरकारचा नवा आराखडा चार वर्षांनी."

"मग?"

"भाकरी थापत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, तीस काढली. चारानं काय व्हतंय."